एन.डी.ए. रोड : पत्त्यामागचा इतिहास

आपल्या सोसायटीला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी ‘काका, तुम्ही काहीतरी लिहाच’ असे सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये गाठून सांगितले. चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला लिहायला सांगणे म्हणजे तसा धोकाच. टिपणी आणि शेरे याखेरीज आम्ही फारसे काही लिहिलेले नसते. पण एक विषय बरीच वर्षे डोक्यात होता.

आपण सगळे रोज पत्ता सांगतो, ‘एन.डी.ए. रोड’. रिक्षावाल्याला सांगतो, कुरिअरवाल्याला सांगतो, पाहुण्यांना फोनवरून तीन वेळा सांगतो. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ मध्ये पाडला तेव्हा तर या रस्त्याचे नाव आपण दिवसातून दहादा घेत होतो, आणि तेही काही प्रेमाने नव्हे. पण ज्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीमुळे हे नाव पडले, ती तिथे कशी आली, तिथे काय शिकवतात आणि ते शिक्षण कसे बदलत गेले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मी हे विचारतो याला एक घरगुती कारणही आहे. ते पुढे सांगतो.

मुळापासून सुरुवात करू. इंग्रजांच्या काळात हिंदी शिपाई लाखांनी होते, पण साहेबांच्या बरोबरीचे कमिशन मिळालेला हिंदी अधिकारी नव्हता म्हटले तरी चालेल. पहिल्या महायुद्धात आपल्या लोकांनी एवढे रक्त सांडल्यावर १९१८ मध्ये इंग्लंडच्या सँडहर्स्ट येथील लष्करी महाविद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या. होय, अख्ख्या देशाला दहा! सातासमुद्रापलीकडचे शिक्षण, खर्च प्रचंड आणि वातावरण परके. बरेच जण मध्येच गळत. जे टिकले त्यांत आपल्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात होते. १९२६ मध्ये ते अधिकारी झाले आणि पुढे लेफ्टनंट जनरल पदापर्यंत पोचले.

‘आमचे अधिकारी आमच्याच देशात तयार होऊ द्या’ ही मागणी मग कायदेमंडळातून जोर धरू लागली. स्कीन समिती नेमली गेली. मोतीलाल नेहरू आणि जिना ही दोन्ही नावे त्या समितीवर होती, हे आज वाचताना गंमत वाटते. शेवटी १ ऑक्टोबर १९३२ रोजी देहरादूनला इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत चाळीस छात्र. त्या चाळिसांत सॅम माणेकशा होते, महंमद मुसा होते आणि स्मिथ डन होते. एक भारताचा लष्करप्रमुख झाला, दुसरा पाकिस्तानचा आणि तिसरा ब्रह्मदेशाचा. एका वर्गातली तीन मुले तीन देशांच्या सैन्यांच्या शिखरावर!

हे झाले भूदलापुरते. जगभर तेव्हा पद्धत अशीच होती की भूदलाची शाळा वेगळी, नौदलाची वेगळी, हवाईदलाची वेगळी. दुसऱ्या महायुद्धाने मात्र दाखवून दिले की लढाई अशी खात्यांत वाटून घेता येत नाही. जहाजातून सैन्य किनाऱ्यावर उतरवायचे तर वर विमाने हवीत, मागे तोफा हव्यात आणि तिघांना एकमेकांची भाषा समजायला हवी. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर कॅश, क्लिअरिंग आणि लोन डिपार्टमेंट एकमेकांशी बोलत नसतील तर शाखा बुडते. सरसेनापती ऑकिनलेक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिने अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटसह ठिकठिकाणच्या संस्थांचा विचार करून डिसेंबर १९४६ मध्ये अहवाल दिला : तिन्ही दलांच्या मुलांना पहिल्या दिवसापासून एकत्र शिकवा.

पैशाची सुरुवात कुठून झाली ते ऐका. दुसऱ्या महायुद्धात १९४०-४१ मध्ये आपल्या पलटणींनी पूर्व आफ्रिकेत इटालियन फौजांशी लढून सुदानचे रक्षण केले. केरेनच्या डोंगरात फार मोठी लढाई झाली. मराठा लाइट इन्फंट्रीची पलटणही तिथे होती. सातारा-कोल्हापूरची पोरे आफ्रिकेच्या डोंगरावर लढली! त्या बलिदानाची आठवण म्हणून सुदान सरकारने स्मारकासाठी व्हाइसरॉयकडे एक लाख पौंड दिले. फाळणीत इतर मालमत्तेबरोबर हा पैसाही वाटला गेला आणि सत्तर हजार पौंड भारताच्या वाट्याला आले. पुतळा किंवा कमान न उभारता ती रक्कम या प्रबोधिनीकडे वळवली गेली. म्हणून तिथल्या घुमटाच्या मुख्य इमारतीचे नाव ‘सुदान ब्लॉक’. देणगीचा याहून चांगला विनियोग मी माझ्या नोकरीत तरी पाहिला नाही.

जागा म्हणून खडकवासला का? तलाव होता, डोंगर होते, हवा चांगली होती, लोहगावचा विमानतळ जवळ होता आणि समुद्रही फार दूर नव्हता. शिवाय युद्धकाळात तलावाच्या काठी सैन्य जहाजातून उतरवण्याच्या सरावाचे केंद्र आधीच चालू होते. तेव्हाच्या मुंबई सरकारने जमीन देऊ केली. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली.

मात्र इमारत होईपर्यंत थांबले नाहीत, हे मला फार आवडते. १ जानेवारी १९४९ लाच देहरादूनला तात्पुरत्या जागेत ‘जॉइंट सर्व्हिसेस विंग’ या नावाने वर्ग सुरू झाले होते. खडकवासल्याचे काम झाल्यावर डिसेंबर १९५४ मध्ये सगळा कारभार इकडे आला आणि १६ जानेवारी १९५५ ला रीतसर उद्घाटन झाले. तिन्ही दलांच्या छात्रांना एकत्र घडवणारी ही जगातली पहिली संस्था मानली जाते.

एकत्र शिकण्याचा फायदा काय झाला, याचे उत्तर मिळायला बेचाळीस वर्षे लागली. १९९१ मध्ये लष्करप्रमुख जनरल सुनीथ रॉड्रिग्ज, नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास आणि हवाईदलप्रमुख एअर चीफ मार्शल सुरी हे तिघेही १९४९ च्या त्या पहिल्याच तुकडीतले होते. त्यांतले रामदास आपल्या माटुंग्यात जन्मलेले आणि निवृत्तीनंतर अलिबागजवळ राहिलेले. हाच योग पुन्हा जुळून आला तो २०१९ च्या अखेरीस. आपल्या पुण्याचे जनरल मनोज नरवणे लष्करप्रमुख झाले तेव्हा ॲडमिरल करमबीर सिंग आणि एअर चीफ मार्शल भदौरिया हे त्यांचे छप्पन्नाव्या तुकडीतले सोबती इतर दोन दलांचे प्रमुख होते. सतराव्या-अठराव्या वर्षी एकाच मैदानावर घाम गाळलेली माणसे एकमेकांना फोन करायला कचरत नाहीत.

आता शिक्षणाकडे वळू. तीन वर्षे, सहा सत्रे. पहाटे उठणे, कवायत, पोहणे, घोडेस्वारी आणि त्यानंतर वर्गात गणित, भौतिकशास्त्र, इतिहास, परदेशी भाषा. मग शिबिरे, त्यांतल्या एका शिबिराचे नावच ‘तोरणा’. आपण रविवारी झुणका-भाकरी खायला सिंहगडावर जातो, तिथे हे पाठीवर ओझे घेऊन जातात, आणि पुष्कळदा ते शिक्षा म्हणून असते! इथून पुढे एक वर्ष ज्याच्या-त्याच्या दलाच्या संस्थेत आणि मग कमिशन.

हा अभ्यासक्रम म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हती. काळाने वेळोवेळी त्यात फेरफार करायला लावले. १९६२ च्या चीन युद्धानंतर एकदम अधिकारी कमी पडू लागले. तीन-चार वर्षे थांबायला वेळ कुठला? म्हणून १९६३ मध्ये पुण्यात आणि मद्रासला ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल काढून थोड्या मुदतीच्या शिक्षणावर आणीबाणीचे कमिशन दिले गेले. पुण्याची शाळा लवकरच बंद झाली, मद्रासची टिकली आणि वाढली. खडकवासल्याचा तीन वर्षांचा पाया मात्र त्या घाईतही तसाच ठेवला गेला.

दुसरा बदल पदवीचा. याचे महत्त्व मला पुस्तकातून नव्हे, काउंटरवर कळले. कॅम्प भागातल्या शाखेत असताना एक निवृत्त मेजर साहेब पेन्शनसाठी येत. एकदा ते एका नोकरीचा अर्ज भरत माझ्यासमोर बसले होते. पेन थांबले. ‘पदवी’ या रकान्यात काय लिहायचे? ते साठच्या दशकातल्या तुकडीचे. म्हणाले, “साहेब, तीन वर्षं गणित, सायन्स सगळं शिकलो. नंतर दोन लढाया पाहिल्या. पण कागद नाही.” कारण त्या काळात प्रबोधिनीतून बाहेर पडताना विद्यापीठाची पदवी मिळत नसे. चाळिशी-पंचेचाळिशीत सैन्यातून बाहेर पडलेल्या माणसाला बाहेरचे जग पहिला प्रश्न तोच विचारी. त्यांनी त्या रकान्यात शेवटी एक आडवी रेघ मारली. ती रेघ मला अजून आठवते.

सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने हा अभ्यासक्रम मान्य केला आणि मुलांना बी.ए., बी.एस्सी. मिळू लागली. पुढे संगणकशास्त्र आले. अलीकडे नौदल आणि हवाईदलाच्या छात्रांसाठी बी.टेक. आले, तीन वर्षे इथे आणि चौथे वर्ष आपापल्या दलाच्या अकॅडमीत. जहाज आणि विमान आता इतके यांत्रिक-विद्युत झाले आहे की अभियांत्रिकीशिवाय गत्यंतरच नाही.

आणि आता तिसरा बदल, ज्याच्यासाठी खरे तर हा लेख लिहायला बसलो.

माझे गाव सातारा जिल्ह्यातले. वडील प्राथमिक शिक्षक. १९६५ चे युद्ध होऊन गेलेले. गावोगावी जवानांचे सत्कार चालू होते. १९६७ मध्ये मी अकरावी मॅट्रिकला होतो. वर्तमानपत्रात एन.डी.ए.च्या परीक्षेची जाहिरात आली आणि वडिलांनी अर्ज मागवला. माझे गणित यथातथाच. माझी पाठची बहीण एक इयत्ता मागे, पण गणितात माझ्या दोन इयत्ता पुढे. रात्री कंदिलापाशी बसून तीच मला बीजगणिताची उदाहरणे सोडवून दाखवी. एके रात्री तिने जाहिरातीचे कात्रण हातात घेऊन वाचले आणि विचारले, “दादा, पुढच्या वर्षी मी भरू का अर्ज?”

जाहिरातीत स्पष्ट लिहिले होते, अविवाहित पुरुष उमेदवार. मी ते बोट ठेवून दाखवले आणि हसलो. वर म्हणालो, “तुझं काय काम तिथे? पोळ्या लाटणार का?” आई-वडीलही हसले. ती हसली नाही. कात्रणाची घडी घालून तिने ते माझ्या वहीत ठेवले आणि पुढचे उदाहरण घेतले.

लेखी परीक्षा मी पास झालो. त्यातले निम्मे मार्क तिचे. मुलाखत मंडळाकडे पाच दिवस राहिलो. छातीवर नंबराचे कापड, मानसशास्त्राच्या चाचण्या, दोर आणि फळ्या घेऊन काल्पनिक ओढा ओलांडणे. शेवटच्या दिवशी निवडलेले नंबर वाचले गेले, त्यात माझा नव्हता. वाईट वाटले, चार दिवस जेवण गेले नाही. नंतर बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, संसार झाला. तक्रार काही नाही. बहीण माध्यमिक शाळेत गणिताची शिक्षिका झाली आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली.

स्त्रिया सैन्यात मुळीच नव्हत्या असे नाही. डॉक्टर आणि परिचारिका म्हणून त्या आधीपासून होत्या. आपल्याच पुण्यातल्या ए.एफ.एम.सी.मध्ये साठच्या दशकात मुली शिकत होत्या. तिथूनच पुनिता अरोरा आणि पुढे माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल झाल्या. १९९२ पासून मद्रासच्या संस्थेतून इतर शाखांतही मुदतीच्या कमिशनवर मुली घेऊ लागले. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भूदलातल्या स्त्री अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा मार्ग मोकळा केला. पण बारावीनंतरचा हा खडकवासल्याचा दरवाजा पुरुषांपुरताच राहिला. जाहिरातीतले ते दोन शब्द माझ्या कात्रणात होते तसेच पन्नास वर्षांनंतरही छापून येत होते!

१८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की मुलींना या परीक्षेला बसू द्या. तयारीसाठी वेळ हवा, पुढच्या वर्षी मे महिन्यापासून करू, असे सरकारने सांगितले. न्यायालयाने ते मानले नाही. १४ नोव्हेंबर २०२१ च्या परीक्षेला मुली बसल्या. २०२२ च्या मध्याला एकोणीस मुली आपल्या या रस्त्यावरून प्रबोधिनीच्या फाटकातून आत गेल्या. तुकडी एकशे अठ्ठेचाळिसावी. (हिशेब करून पाहा. १९४९ पासून वर्षाला दोन तुकड्या. २०२१ अखेर ७३ वर्षांच्या १४६. जानेवारी २०२२ ची १४७ वी आणि पुढची १४८ वी. बरोबर जुळते.) ३० मे २०२५ च्या दीक्षान्त संचलनात त्यांतल्या सतरा जणी तीनशेहून अधिक मुलांच्या बरोबरीने पावले टाकत बाहेर पडल्या.

ते संचलन मी टीव्हीवर पाहिले. संपल्यावर बहिणीचा फोन आला. ती आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, साताऱ्यालाच असते. नमस्कार-चमत्कार न करता तिने विचारले, “दादा, तीनशे तीस-चाळीसात सतरा म्हणजे किती टक्के?”

मी म्हणालो, “पाचच्या आसपास.”

“म्हणजे उदाहरण अजून सुटायचंय,” ती म्हणाली.

मग मी धीर करून त्या कंदिलाच्या रात्रीचा विषय काढला. अठ्ठावन्न वर्षांत कधी काढला नव्हता. म्हणालो, “तुला घेतलं असतं तर तू नक्की अधिकारी झाली असतीस.”

ती म्हणाली, “तसं कशावरून? मीसुद्धा तुझ्यासारखी पाचव्या दिवशी परत आले असते कदाचित. पण नापास होऊन आले असते ना. तुला नापास व्हायला तरी मिळालं.”

मला उत्तर सुचले नाही. बँकेत असताना कर्जाचे किती अर्ज मी नामंजूर केले असतील, पण अर्जच न घेता कोणाला परत पाठवले तर तो अन्याय, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवले होते. तेच मी घरात मात्र हसण्यावारी नेले होते. या लेखाच्या निमित्ताने चारचौघांसमोर तिची माफी मागतो. ती वाचेल आणि शुद्धलेखनाच्या चुका काढील, हेही माहीत आहे.

आता आपल्या सोसायटीचे. संभाजीनगरला मुलांना या परीक्षेसाठी तयार करणारी सरकारी संस्था १९७७ पासून आहे. आता नाशिकला मुलींसाठीही स्वतंत्र संस्था निघाली आहे. पण तिथेही निवड होते आणि जागा मोजक्या असतात. बाकीच्यांनी अभ्यास घरीच करायचा. आपल्या सोसायटीतल्या दोन मुली सध्या ही परीक्षा द्यायची म्हणत आहेत. पहाटे पाच वाजता पार्किंगमध्ये धावताना दिसतात त्या याच. त्यांच्या पळण्याने झोपमोड होते अशी एक तक्रार कमिटीकडे आली होती, आणि ‘मुलींना कशाला हवंय ते’ असेही एकदा गॅलरीतून कोणीतरी बोलल्याचे मी ऐकले. बोलणाऱ्यांना नावे ठेवत नाही. १९६७ मध्ये मी याहून वाईट बोललो होतो.

माझी कमिटीला एकच विनंती आहे. क्लबहाऊसमधली अभ्यासिका रात्री दहाला बंद होते, ती बारापर्यंत चालू ठेवावी. जादा विजेचा खर्च मी काढून पाहिला. चार ट्यूब आणि दोन पंखे रोज दोन तास. दर सदनिकेमागे महिन्याला दोन रुपयेसुद्धा येत नाहीत. पहिल्या वर्षाचा खर्च मी देतो, चेक सोबत जोडला आहे. मुली पास होतील की नापास, हे मंडळ ठरवील. आपण फक्त दिवा चालू ठेवायचा.

रौप्यमहोत्सवाच्या सर्व सभासदांना व त्यांच्या कुटुंबीयांना शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मी लिहायला नसेन. तेव्हा एन.डी.ए. रोडविषयी याच सोसायटीतली एखादी निवृत्त कर्नल बाई लिहील, अशी आशा करतो.